घरची एक घटका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय, उपकल्पनीय, आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचलेला आहे. वमन-विरेचनादी कर्मे करण्यापूर्वी आतुरालयात कोणती सिद्धता असावी, याची त्यात सविस्तर यादी आहे. घर बळकट असावे, वाऱ्याचा थेट झोत नसावा तरी हवा खेळती असावी, धूर, ऊन व धूळ यांचा उपद्रव नसावा, स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप यांची सोय असावी, इथपर्यंत ही यादी आजच्या कोणत्याही रुग्णालयाच्या व्यवस्थापकास ओळखीची वाटेल. त्यापुढे आचार्य सेवकवर्गाबरोबर आणखी काही माणसे सांगतात. गाणे-वाजविणे जाणणारी, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे सांगण्यात निपुण असलेली, रुग्णाच्या मनातील भाव ओळखणारी आणि त्याला आवडणारी अशी ही माणसे आहेत. परीक्षेसाठी ही यादी पाठ करताना द्रव्यांची आणि उपकरणांची नावे ध्यानात राहतात. गोष्ट सांगणारा माणूस तेवढा विस्मरणात जातो.

सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्यायात हीच गोष्ट निराळ्या प्रसंगी सांगितली आहे. व्रणी माणसाजवळ त्याच्या स्नेह्यांनी बसावे, गोड बोलून त्याला धीर द्यावा आणि गोष्टी सांगून वेदनेवरून त्याचे मन दुसरीकडे वळवावे, असा त्यांचा उपदेश आहे. शस्त्रकर्माचे आद्य आचार्य जखमेच्या परिचर्येत कथेला स्थान देतात, ही बाब आपण वैद्यांनी थोडा वेळ थांबून विचारात घ्यावी अशी आहे.

प्राचीन काळी गोष्ट सांगणाऱ्या माणसाची योजना आतुरालयात करावी लागे, कारण रुग्ण तेथे घरापासून दूर असे. घरी ते काम आजी, आजोबा, आई, आत्या, थोरला भाऊ अशी कोणीतरी सहजच करीत. आज रुग्ण घरीच असतो, गोष्टींची पुस्तकेही घरात असतात; पण सांगणारा आणि ऐकणारा एका वेळी एका खोलीत बसत नाहीत. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे की, एकत्र जेवण, वाचन, हातचा छंद, कुंडीतील चार रोपे ही घरातील साधी सुखे स्वस्थवृत्ताचाच भाग आहेत, आणि त्यांसाठी रोज घटकाभर वेळ वैद्याने रुग्णाच्या व स्वतःच्याही दिनक्रमात मुद्दाम राखून ठेवला पाहिजे.

शास्त्राची दृष्टी

स्वस्थाचे लक्षण सांगताना सुश्रुताचार्य दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्यावर थांबत नाहीत. आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही ते त्याच लक्षणात समाविष्ट करतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची जी गणना केली आहे, तीत रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला आणि तृप्ती देणाऱ्या भावांत हर्षाला अग्रस्थान दिले आहे. विषाद हा रोगवर्धक आहे हे मान्य केल्यावर, विषाद कशाने हटेल याचा विचार करणे हे चिकित्सकाचे कर्तव्यच ठरते. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर औषधीद्रव्यात सापडेलच असे नाही.

भोजनाच्या बाबतीत वाग्भटाचार्यांचे वचन विशेष मननीय आहे. अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात ते सांगतात की, पितर, देव, अतिथी, बालके व गुरुजन यांना तृप्त करून, आपल्या आश्रयास असलेल्या पशुपक्ष्यांचीही विचारपूस करून, आवडीचे अन्न आवडत्या माणसांसह सेवन करावे. त्याच ठिकाणी अन्नाची निंदा न करता आणि न बोलता जेवावे, असेही ते सांगतात. वरवर पाहता या दोन सूचना परस्परविरोधी वाटतील. आवडत्या माणसांबरोबर बसावयाचे आणि बोलावयाचे नाही, हे कसे? आमच्या मते यात विरोध नाही. जेवताना माणसांचा सहवास पुरेसा असतो. गप्पांची जागा हात धुतल्यानंतरची आहे. पूर्वी पंगत उठल्यावर पानाचे तबक पुढे येई आणि मग बैठक रंगे. आज दूरदर्शन संचासमोर ताट घेऊन बसलेल्या कुटुंबात बोलणे बंद असते खरे, पण मन अन्नातही नसते आणि माणसांतही नसते.

कोल्हापूरच्या वाचकांसाठी एक गोष्ट येथेच सांगावीशी वाटते. रविवारी दुपारी आपल्याकडील बहुतेक घरांत तांबडा-पांढरा रस्सा असतो, आणि एरवी चार दिशांना असलेली माणसे त्या दिवशी एका पंक्तीला बसतात. तर्पण करणाऱ्या द्रव्यांत चरकाचार्यांनी मांसरसाला श्रेष्ठ मानले आहे, हे आपण जाणतोच. पांढऱ्या रश्श्याच्या वाटीने तर्पण होते हे खरे. परंतु त्या दिवशी आजोबांच्या ताटाशेजारी नातवाचे ताट मांडलेले असते, त्याचाही त्या तर्पणात वाटा आहे, असे आमचे निरीक्षण आहे. शाकाहारी घरी तेच कार्य पुरणपोळी आणि कटाची आमटी करीत असते.

मराठी घरातील वाचनपरंपरा

मराठी घरात वाचन हे मुळात ऐकण्याचे सुख होते. चातुर्मासात सायंकाळी माजघरात समई लावून पोथी वाचली जाई. श्रीधरस्वामींचे हरिविजय, पांडवप्रताप, आणि इ. स. १७१८ मध्ये पूर्ण झालेले शिवलीलामृत हे ग्रंथ घराघरांत पोहोचले ते वाचणाऱ्या एकाच्या मुखातून ऐकणाऱ्या दहांच्या कानांत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कित्येक स्त्रियांना शिवलीलामृताचा अकरावा अध्याय मुखोद्गत असे. नातू वाचणार, आजी वाती वळत ऐकणार, आणि त्याचा एखादा शब्द चुकला तर तीच दुरुस्त करणार, असा तो क्रम होता. यात श्रद्धेचा भाग होताच. पण दिवसभराचे काम आटोपल्यावर सर्वांनी एका जागी बसून एकाच कथेत रमण्याचे सुखही होते.

छपाईच्या काळात हेच सुख नियतकालिकांतून घरात आले. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाइतकाच दिवाळी अंकही सणाचा भाग होऊन बसला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीसारख्या नांगर तयार करणाऱ्या गावातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. कारखान्याच्या गावातून निघालेली ही मासिके स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली, याचे आजही नवल वाटते. एका घरी आलेला अंक गल्लीतील चार घरी फिरून, पाने सुटी होऊन परत येई.

करवीर नगरी आणि पुस्तके

कोल्हापूरचा माणूस मूळचा कट्ट्यावरचा. पहाटे तालमीत, सकाळी मिसळीच्या टेबलावर, सायंकाळी रंकाळ्याच्या काठावर आणि रात्री गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर काढलेल्या धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन तो रमतो. धारोष्ण दुधाचे गुण आपल्या ग्रंथांतून वर्णिलेले असल्याने त्याबद्दल आम्ही तक्रार करणार नाही. परंतु याच नगरीची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती अधिक शांत आहे.

येथील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून सुरू झालेली ही संस्था राज्यातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक होय. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा करण्याचा मानही भारतात प्रथम कोल्हापूर संस्थानाकडे जातो. तो कायदा १९४५ सालचा. मद्रास प्रांताचा कायदा १९४८ मध्ये आला, आणि आपल्या महाराष्ट्राचा १९६७ मध्ये. कुस्तीच्या मैदानासाठी ख्यात असलेल्या या संस्थानाने पुस्तकांचीही तितकीच काळजी वाहिली, हे आपल्या पुढील पिढीला सांगितले पाहिजे.

वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून येथे आले आणि १९७६ मध्ये निधन होईपर्यंत येथेच राहिले. ज्या ‘ययाति’ कादंबरीच्या लेखकाला १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्या लेखकाची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली होती. तरीही मजकूर तोंडी सांगून त्यांचे लेखन चालू राहिले. डोळे गेले म्हणून माणसाचा साहित्याशी संबंध संपत नाही, मात्र त्यासाठी त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची आणि दुसऱ्याच्या वेळेची सोबत लागते, हे या उदाहरणावरून दिसते. पुढील अनुभव सांगण्यापूर्वी हा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला आहे.

आमच्या घरचा अनुभव

आमचे वडील, ती. अण्णा, निवृत्त शिक्षक. आज त्यांचे वय ८१ आहे. पंचवीस वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या दृष्टिपटलास इजा झाली. नेत्रतज्ज्ञांनी लेसर उपचार केले, राहिलेली दृष्टी सांभाळता येईल असे सांगितले, गेलेली परत येणार नाही हेही स्पष्ट केले. आमच्याकडूनही पथ्य, औषधे व मधुमेहाचे नियंत्रण एवढेच होण्यासारखे होते. ज्या माणसाने चाळीस वर्षे रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, त्याला ठळक मथळादेखील दिसेनासा झाला. त्यांनी तक्रार केली नाही. ते केवळ खोलीतून कमी वेळा बाहेर येऊ लागले. जेवण निम्म्यावर आले, दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू झाले. विषाद रोगवर्धक कसा असतो, हे ग्रंथात वाचणे आणि आपल्या वडिलांच्या ठायी पाहणे यांत फार अंतर असते.

त्यांना कोणीतरी वाचून दाखवावे, हे घरातील सर्वांनाच सुचले. प्रश्न वेळेचा होता. दवाखाना करणाऱ्या प्रत्येकास हे ठाऊक आहे की, सायंकाळी सहा ते साडेनऊ हीच आपली मुख्य वेळ. घरातील माणसे घरी असतात त्याच वेळी आपण दवाखान्यात असतो. आपल्याकडे येणारे पुष्कळ रुग्ण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करतात. पाळी सुटल्यावरच त्यांना येता येते. त्यांची अडचण खोटी नसते. समोरच्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत उघडे असणारे दवाखाने आहेत, हेही खरेच.

घरात चर्चा झाली. आमच्या सौ. शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी पाटीवर बेरीज-वजाबाकी करावी तसा हिशेब मांडला. अण्णांचे वय एका बाजूला. मुलगी बारावीत, येत्या जूनमध्ये ती शिक्षणासाठी बाहेरगावी जाणार. ती दुसऱ्या बाजूला. या दोघांना एका खोलीत बसविणारी वर्षे आता फार उरलेली नाहीत. उत्पन्नाची तूट पुढे कधीतरी भरून निघेल; ही वर्षे भरून निघणार नाहीत. त्यानंतर आम्ही सायंकाळचा दवाखाना आठ वाजता बंद करण्याचे ठरविले आणि कामगार रुग्णांसाठी सकाळी सात ते साडेआठ अशी नवी वेळ ठेवली. काही रुग्ण सकाळी येऊ लागले, काही दुसरीकडे गेले. तूट आली, ती अजूनही आहे. हे येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण असा बदल विनामूल्य होतो असा कोणाचा समज होऊ नये.

आता साडेआठला जेवण होते. नऊच्या सुमारास सर्व भ्रमणध्वनी आजीच्या जुन्या पितळी पानाच्या डब्यात ठेवले जातात. दवाखान्याचा एक दूरध्वनी तेवढा चालू असतो. तातडीचा रुग्ण आला तर उठावे लागते, आणि आम्ही उठतो. त्यानंतर वाचन. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. आम्ही तेवढाच वेळ ठरविला होता, पण बहुधा अर्धा तास होतो.

पहिले पुस्तक अण्णांनीच निवडले, शिवाजी सावंत यांचे ‘मृत्युंजय’. सावंत मूळचे आपल्याच जिल्ह्यातील आजऱ्याचे, आणि १९६७ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ते कोल्हापुरात शिक्षक होते; अण्णांना या दोन्ही गोष्टींचा अभिमान. या कादंबरीची रचना मोठ्याने वाचण्यास फार सोयीची आहे, हे आमच्या नंतर लक्षात आले. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा पात्रे आपापले मनोगत सांगतात. त्यामुळे घरात पात्रांची वाटणी झाली. कुंतीचा भाग सौ. वाचणार, वृषालीचा मुलगी, शोणाचा सातवीतला मुलगा. कृष्णाचा भाग आईने मागून घेतला. दुर्योधन आमच्याकडे आला, आणि यावर घरात कोणीही हरकत घेतली नाही. कर्ण सर्वांनी पाळीपाळीने वाचावा असे ठरले.

अण्णा डोळे मिटून ऐकतात. पहिले चार दिवस ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मुलाने एक लांब वाक्य मध्येच तोडले, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबविले आणि श्वास कोठे घ्यावयाचा ते शिकविले. त्या दिवसापासून ते पुन्हा शिक्षक झाले. उच्चार, विराम, अवघड शब्दाचा अर्थ, महाभारतातील मूळ कथा आणि कादंबरीकाराने केलेला बदल, या सर्वांची शिकवणी सुरू झाली. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. त्याच्या मराठी वाचनात त्या काही महिन्यांत जो फरक पडला, तो कोणत्याही वर्गात पडला नसता.

वैद्य म्हणून आम्ही जे पाहिले ते संयमाने सांगतो. अण्णांची दृष्टी सुधारली नाही; ती सुधारणारही नव्हती. रक्तशर्करेचे श्रेय आम्ही वाचनास देणार नाही, ते पथ्याचे व औषधांचे आहे. मात्र रात्रीची झोप लागू लागली, दिवसाची झोप कमी झाली, ताटातील भाकरी संपू लागली आणि सकाळी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते रंकाळ्यापर्यंत चालू लागले. निद्रानाशाच्या उपचारांत चरकाचार्यांनी अभ्यंग, दूध, संवाहन यांच्याबरोबर मनास आवडणारे शब्द व गंधही सांगितले आहेत. आमची मुलगी वाचन चालू असताना काशाच्या वाटीने आजोबांच्या तळपायांस तूप चोळते. म्हणजे पादाभ्यंग आणि मनोनुकूल शब्द हे दोन्ही उपक्रम एकाच वेळी होतात. यासाठी पंचकर्माच्या खोलीची आवश्यकता नाही.

छंद आणि त्याची मात्रा

वाचनाची आवड प्रत्येकास असतेच असे नाही, आणि ती लादूही नये. सात्म्य पाहूनच छंद सुचवावा. साठीच्या एका भगिनी निद्रानाश आणि अंगदुखीची तक्रार घेऊन येत. दिवसभर काय करता, या प्रश्नावर त्यांनी काहीच नाही असे सांगितले. पूर्वी काय करीत होता, असे विचारताच त्यांचा चेहरा बदलला. त्या वाकळ शिवीत. जुन्या लुगड्यांचे थर लावून, टाक्यांच्या सरळ ओळी घालून त्यांनी घरातील प्रत्येक बाळासाठी वाकळ शिवली होती. घरात विकतची मऊ ब्लँकेटे आल्यावर ते काम थांबले. त्यांच्या सुनेस दिवस गेले होते. औषधाच्या चिठ्ठीवर आम्ही औषधांखाली एक ओळ लिहिली, की येणाऱ्या बाळासाठी एक वाकळ शिवावी. मात्र गुडघे दुखत असल्याने जमिनीवर न बसता खुर्चीवर बसून आणि दिवसाउजेडी. पुढील भेटीस त्यांनी दुखण्याआधी वाकळीच्या काठाचा रंग सांगितला. औषधे चालूच होती. परंतु रुग्णाचे बोलणे दुखण्यापासून सुरू न होता दुसऱ्या कशापासून सुरू होणे, हे आम्ही सुधारणेचे चिन्ह मानतो.

बागकामाचेही तसेच. आपल्या पाऊसमानात गच्चीवरील कुंड्यांत तुळस, अडुळसा, पानओवा, गवती चहा, कोरफड, ब्राह्मी आणि एखाद्या जाळीवर चढविलेली गुळवेल सहज वाढते. घरातील मुलांना वनौषधींची ओळख पुस्तकातील चित्रांपेक्षा या कुंड्यांतून अधिक चांगली होते. खोकल्यासाठी अडुळशाचे पान आपल्या हाताने तोडून आणलेले मूल तो कडू काढा निमूटपणे पिते, असा आमचा अनुभव आहे.

तथापि मात्रेचा नियम छंदालाही लागू आहे. चांगले पुस्तक हाती आहे म्हणून रात्री एक वाजेपर्यंत वाचणे हे रात्रीजागरणच. त्याने रूक्षता व वात वाढावयाचा तो वाढतोच. नेत्ररोगांची कारणे सांगताना सुश्रुताचार्यांनी झोपेची वेळ बिघडणे आणि सूक्ष्म वस्तू निरखीत राहणे यांचा समावेश केला आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील बारीक अक्षरे अंथरुणात पडून, अंधारात, मध्यरात्रीपर्यंत पाहणाऱ्या रुग्णास ही दोन्ही कारणे एकाच वेळी लागू होतात. इंद्रियार्थांचा अतियोग म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास आज याहून सोपे उदाहरण नाही.

आणखी एक मुद्दा. केवळ सर्वांनी घरी असणे म्हणजे गृहसौख्य नव्हे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा सर्व कुटुंबे दिवसचे दिवस घरातच होती. काही घरांत पत्ते, बुद्धिबळ, कॅरम, जुने अल्बम, लोणची-पापड यांनी दिवस गेले, आणि त्या घरांतील माणसे आजही त्या दिवसांची आठवण आनंदाने सांगतात. काही घरांत चार माणसे चार कोपऱ्यांत चार पडद्यांसमोर बसली, आणि त्याच काळापासूनच्या शिरःशूलाच्या व निद्रानाशाच्या तक्रारी घेऊन ती पुढे आपल्याकडे आली. वेळ दोन्हींकडे सारखाच होता. पहिल्या घरांत सर्वांच्या मध्ये ठेवण्यासारखे काहीतरी एक होते.

व्यवसायबंधूंना विनंती

दशविध परीक्षेत आपण सत्त्व आणि सात्म्य पाहतो. प्रत्यक्ष दवाखान्याच्या धावपळीत सात्म्याचा विचार आहारापुरता आणि सत्त्वाचा विचार प्रवर-मध्यम-अवर अशी खूण करण्यापुरता उरतो. आमची नम्र सूचना आहे की, रुग्णाच्या केसपेपरवर तीन प्रश्नांची भर घालावी. रात्रीचे जेवण कोणाबरोबर घेता? हातचा किंवा मनाचा कोणता छंद होता, आणि तो केव्हा सुटला? झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात काय करता? हे प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे लागतात. पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातील वर्ष आणि रोगाच्या इतिहासातील प्रारंभीचे वर्ष एकमेकांच्या जवळ आलेली आढळतात. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चिकित्सेची एक वाट त्यातून दिसते, हे निश्चित.

या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वैद्याने एकदा स्वतःच्या नावाने केसपेपर काढून त्यावरही लिहावीत. आपण दिनचर्या शिकवितो, ऋतुचर्या शिकवितो, ब्राह्म मुहूर्ताचे महत्त्व सांगतो. रुग्ण मात्र आपल्या दवाखान्याच्या दारावरील वेळेची पाटीही वाचीत असतो. सर्वांनाच आठ वाजता दवाखाना बंद करणे शक्य नाही. ज्यांचा व्यवसाय नवा आहे, ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, त्यांना तसे सांगणे अन्यायाचे होईल. त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ राखावी, किंवा दुपारचे जेवण तरी घरच्यांबरोबर घ्यावे. जेवढे जमेल तेवढे, पण ठरवून.

‘मृत्युंजय’ आमच्याकडे चातुर्मासाच्या प्रारंभी सुरू झाले आणि कृष्णाच्या मुखातील शेवटचा भाग आईने दिवाळीनंतर वाचून संपविला. त्यानंतर अण्णांनी ‘ययाति’ काढावयास सांगितले आहे. मुलगी जूनमध्ये जाण्यापूर्वी ते पूर्ण व्हावे, अशी त्यांची इच्छा आहे. म्हणून सध्या चोवीस मिनिटांचा नियम कोणी कटाक्षाने पाळीत नाही.

इत्यलम्.